अजून किती रेघा? (आगमनकाळासाठीं उपदेश)

शास्त्रपाठ : निर्गम १२:२४-२७, लूक २:२५-३८



शाळू कमरेएवढा झाला, पहांटेचा गारठा अंगाला झोंबूं लागला, म्हणजे आपल्या ख्रिस्ती घरांतून एक प्रश्न ऐकूं येऊं लागतो. तो मोठीं माणसें विचारीत नाहींत, लेकरें विचारितात. "आई, नाताळ केव्हां? अजून किती दिवस?" चुलीपुढें बसलेली आई भाकरी थापतां थापतां म्हणते, "येईल, वेळ झाली म्हणजे येईल." बाप म्हणतो, "कापसाचे पैसे हातीं येऊं द्या, मग पाहूं नाताळाचें." लेकरूं गप्प बसतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच विचारतें, आणि पुन्हां त्यास तेंच उत्तर मिळतें. नाताळाच्या सकाळीं नवें कुडतें अंगांत जातें, करंजी हातांत पडते, आणि प्रश्न विसरला जातो. पुढें तें लेकरूं मोठें होऊन स्वतः बाप होतें, आणि आपल्या लेकरालाही तेंच उत्तर देतें.

या आठवड्यांत आम्हांस त्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे. कारण आमची अशी खात्री आहे कीं, तो प्रश्न पोरकट नाहीं. लेकराच्या तोंडून तो निघतो तेव्हां देव त्या घराचें दार ठोठावीत असतो, आणि आपण बहुधा उठून दार उघडीत नाहीं.

शास्त्रांत पाहा. इस्राएल लोक मिसर देशांतून निघावयाचे होते, तेव्हां देवानें त्यांस कोंकरूं, रक्ताची खूण व बेखमीर भाकरी यांविषयीं आज्ञा दिली. आणि त्याच वेळीं हेंही सांगून ठेविलें कीं, पुढें तुमचीं मुलें या सेवेचा अर्थ विचारतील, तेव्हां त्यांस ही सर्व हकीकत सांगा. यार्देन उतरल्यावर नदीच्या पात्रांतून बारा धोंडे उचलून गिलगालांत उभे केले, तेही यासाठींच कीं, पुढें लेकरांनीं त्यांकडे बोट दाखवून विचारावें. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांतही हाच क्रम आहे. आधीं डोळ्यांना दिसणारी खूण, मग लेकराचा प्रश्न, मग बापाची साक्ष. आपण काय करितों? घरांत खूण ठेवीत नाहीं, प्रश्न टाळतों, आणि वर्षांतून एकदां व्यासपीठावरून सगळी साक्ष एकदम ओतून देतों. पालथ्या घागरीवर पाणी ओतावें तसें तें वाहून जातें, आणि मग आपण म्हणतों, हल्लींच्या मुलांना देवाधर्माची गोडी नाहीं!

नाताळापूर्वींच्या चार रविवारांच्या काळास आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबर या तारखेस जो रविवार सर्वांत जवळ असेल तो आगमनाचा पहिला रविवार. म्हणून तो २७ नोव्हेंबरापासून ३ डिसेंबरापर्यंत केव्हांही येतो. पाश्चात्य मंडळ्यांत या काळास जें नांव आहे तें लॅटिन भाषेंतील 'येणें' या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. कोणाचें येणें? जो एकदां बेथलेहेमांत दीन होऊन आला त्याचें, आणि जो पुन्हां गौरवानें येणार आहे त्याचें. म्हणजे हा वाट पाहण्याचा काळ आहे. वाट पाहणें लहान मुलाला व्याख्यानानें शिकवितां येत नाहीं. तें हातांनीं, डोळ्यांनीं आणि रोजच्या रोज शिकवावें लागतें.

ही गोष्ट ज्यानें चांगली ओळखली त्या एका देवभक्ताची हकीकत येथें सांगतों. जर्मनींतील हँबुर्ग शहरीं योहान हिन्रिख विखर्न नांवाचे प्रॉटेस्टंट सेवक होते. १८३३ सालीं त्यांनीं शहराजवळ गरीब व निराधार मुलांसाठीं 'राउहेस हाउस' नांवाचा आश्रम काढिला. डिसेंबर लागला कीं तीं मुलें त्यांच्या पाठीस लागत : नाताळ आला काय? किती दिवस उरले? हा तोच प्रश्न! विखर्न यांनीं तो टाळला नाहीं. १८३९ सालीं त्यांनीं लांकडाचें एक चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या, आणि इतर दिवसांसाठीं वीस लहान तांबड्या. त्या वर्षीं १ डिसेंबरासच रविवार होता, म्हणून चोवीस दिवसांचा हिशेब बरोबर जमला. रोजच्या प्रार्थनेच्या वेळीं एक मेणबत्ती अधिक पेटे. प्रकाश दिवसेंदिवस वाढे, आणि ज्या मुलांची वाट जगांत कोणी पाहत नव्हतें त्यांस कळे कीं, त्यांच्याकडे कोणी येत आहे. पुढें चाकाच्या जागीं हिरव्या डहाळ्यांचें कडें आलें, मेणबत्त्या चारच राहिल्या, आणि तीच रीति आज अनेक देशांतील मंडळ्यांत व घरांत दिसते.

त्याच देशांतील साध्या घरांतून आणखी रीति होत्या. कोणी दारावर खडूनें चोवीस रेघा ओढी, आणि मूल रोज एक रेघ पुशी. कोणी रिकामी गव्हाण मांडून तींत रोज एक काडी ठेवी. विसाव्या शतकाच्या आरंभीं म्यूनिक शहरीं गेऱ्हार्ड लांग नांवाच्या गृहस्थानें या दिवसांचे छापील तक्ते काढिले. पुढें त्यांस चोवीस लहान दारें आलीं व दारांआड चित्रें आलीं, आणि आतां तर शहरांतील दुकानांत चॉकोलेट भरलेले तक्तेही मिळतात. तसेंच नीस्की गांवच्या मोरेव्हियन बंधुमंडळीच्या मुलांच्या शाळेंत, एकोणिसाव्या शतकांत, भूमितीच्या अभ्यासासाठीं कागदाचे अनेक टोंकांचे तारे करवीत. त्यांतूनच आगमनकाळीं तारा लावण्याची त्या मंडळीची रीति पडली. आपल्याकडेही कामट्यांचा व रंगीत कागदाचा तारा घराघरावर चढतो. तो पोरांनीं चढवावा व मोठ्यांनीं नुसता पाहावा असें नव्हे. चढवितांना त्याचा अर्थही सांगावा.

येथें कोणी वडील बंधु म्हणतील, "पाळकसाहेब, या रीति शास्त्रांत कोठें आहेत? मेणबत्त्या, रेघा, काड्या हें सर्व मनुष्यांचें." ही शंका आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. तिला मोठा इतिहास आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत प्यूरिटन लोकांनीं १६५९ सालीं असा कायदा केला होता कीं, जो कोणी नाताळ पाळील त्यास पांच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला. आणि ज्या न्यू इंग्लंडांत हे लोक होऊन गेले, त्याच भागांतील मंडळ्यांनीं पाठविलेले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले व १८३१ सालीं त्यांच्या मिशनानें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें घातलें. ज्यांच्या वडिलांनीं नाताळास दंड ठेविला, त्यांच्या हातून आपल्यास नाताळाचें शुभवर्तमान मिळालें! देवाचे मार्ग असे आहेत.

त्या जुन्या लोकांचें भय काय होतें? सणाच्या नांवाखालीं खाणेंपिणें व दंगामस्ती वाढते आणि ज्याचा सण तोच बाहेर राहतो, हें. तें भय खोटें नव्हतें. म्हणून आम्ही असें म्हणतों : कोणतीही रीति तारण देत नाहीं, आणि कोणतीही रीति न पाळिल्यानें तारण जात नाहीं. परंतु जी रीति लेकराच्या तोंडीं ख्रिस्ताविषयीं प्रश्न आणते व बापाच्या तोंडीं ख्रिस्ताविषयीं साक्ष आणते, ती गिलगालच्या धोंड्यांसारखी आहे. ती राहूं द्या. जी नुसता खर्च आणते ती सोडा, मग ती कितीही सुंदर असो.

आतां आपल्या गांवांतील घराकडे येऊं. ज्यास एक पैसाही लागत नाहीं असें एक साधन आम्ही प्रथम सांगतों. ३० नोव्हेंबरच्या रात्रीं दाराच्या आंतल्या बाजूस किंवा भिंतीवर खडूनें, खडू नसल्यास चुन्यानें किंवा कोळशानें, चोवीस रेघा ओढाव्या. रविवारच्या रेघा लांब ओढाव्या. रोज दिवे लागणीस घरांतील सर्वांत लहान मुलानें ओल्या बोटानें एक रेघ पुसावी. परंतु पुसण्यापूर्वीं प्रभूची एक गोष्ट ऐकावी, हा नियम असावा.

कोणती गोष्ट? येथें देवानें आपल्यास जणूं तयार पंचांगच दिलें आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत चोवीस अध्याय आहेत. १ तारखेस पहिला अध्याय, २ तारखेस दुसरा, याप्रमाणें चालल्यास २४ तारखेच्या संध्याकाळीं तें शुभवर्तमान पुरें होतें. अध्याय मोठा असेल तर सगळा वाचूं नका. लहान मुलें पेंगूं लागतील. त्यांतील एकच गोष्ट घ्या. पांचव्यांत माशांनीं भरलेलीं जाळीं आहेत. सातव्यांत नाईन गांवच्या विधवेचा मुलगा आहे. आठव्यांत याईराची बारा वर्षांची मुलगी, दहाव्यांत जखमी वाटसरूला खांद्याशीं धरणारा शोमरोनी, पंधराव्यांत हरवलेलें मेंढरूं, अठराव्यांत प्रभूनें जवळ बोलाविलेलीं लेकरें, एकोणिसाव्यांत झाडावर चढलेला जक्कय, एकविसाव्यांत विधवेच्या दोन टोल्या. या गोष्टी सांगावयास विद्वान् लागत नाहीं. बापाला वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीनें वाचावें आणि बापानें ऐकावें. त्यांत कमीपणा नाहीं. आजीला गोष्ट पाठ असेल तर पुस्तकाचीही अडचण नाहीं.

कोणी विचारील, "जन्माची गोष्ट तर दुसऱ्याच दिवशीं येऊन गेली, मग नाताळास काय राहिलें?" यांतच या वाचनाचा लाभ आहे. मुलानें २ तारखेस गव्हाणींतील बाळ पाहिलें. पुढें तेंच बाळ मोठें होऊन कोड्याला शिवतांना, भाकरी मोडतांना, रडणाऱ्या आईजवळ उभें राहतांना त्यानें पाहिलें. २३ तारखेस त्यास वधस्तंभावर पाहिलें. २४ तारखेच्या संध्याकाळीं तो जिवंत प्रभु अम्माऊसच्या वाटेनें चालत येऊन दोघांच्या घरीं जेवावयास बसला, हें ऐकलें. मग २५ तारखेच्या सकाळीं दुसरा अध्याय पुन्हां उघडा. आतां त्या मुलास ठाऊक आहे कीं, जन्मला तो कोण. चोवीस दिवस त्यानें एका तारखेची नव्हे, एका ओळखीच्या माणसाची वाट पाहिली.

याबरोबर आणखी एखादें साधन ज्यांस झेपेल त्यांनीं करावें. आमच्या मंडळींतील बाया दळण करितांना प्रभूसाठीं मूठभर धान्य बाजूस काढितात. तें तुम्हांस ठाऊकच आहे. या दिवसांत ती मूठ लेकराच्या हातानें काढवावी. मूठ लहान असूं द्या. अशा चोवीस मुठी एका गाडग्यांत सांठवाव्या, आणि नाताळाच्या सकाळीं नवें कपडे घालण्यापूर्वीं तें गाडगें लेकरानें स्वतः गांवांतील एखाद्या एकट्या म्हातारीच्या घरीं न्यावें. ती कोणत्या जातीची व कोणत्या धर्माची हें विचारूं नये. दहाव्या अध्यायांतील शोमरोन्यानें विचारिलें नाहीं.

रविवारीं दिवे लावावयाचे असल्यास पहिल्या रविवारीं एक पणती, दुसऱ्या रविवारीं दोन, असे चौथ्या रविवारीं चार लावावे. "पणत्या तर दिवाळीच्या" असें म्हणून कित्येक बंधु बिचकतात. आमचें उत्तर असें कीं, पणती कुंभाराची, तेल घाण्याचें, आणि उजेड देवाचा. दहा कुमारींच्या हातींही तेलाचे दिवेच होते. प्रभूनें दिव्याविषयीं दोष दिला नाहीं, तेल नव्हतें याविषयीं दिला.

गव्हाण करावयाची असल्यास मातीची करा, लेकरांना मळूं द्या. दिवसभरांत कोणाला कळूं न देतां कांहीं भलें केलें असेल, धाकट्या भावंडाला पाणी आणून दिलें, शेजारणीची शेळी धरून आणिली, तर रात्रीं एक काडी गव्हाणींत ठेवावी. मात्र येथें सावध असावें. "काड्या पुष्कळ झाल्या तरच येशू येईल" असें लेकराला कधींही सांगूं नका. तो आला तेव्हां जगानें त्याच्यासाठीं कांहींच मऊ करून ठेविलें नव्हतें, तरी तो आला. आपण काडी ठेवितों ती त्यानें यावें म्हणून नव्हे; तो आला म्हणून. हें लहानपणीं ज्याच्या मनांत ठसलें, त्यास मोठेपणीं कृपेचा अर्थ निराळा शिकवावा लागणार नाहीं.

हीं सर्व साधनें एकाच घरानें करावीं असें आमचें म्हणणें नाहीं. एकच घ्या, पण चोवीस दिवस चालवा. पहिल्या आठवड्यांत पांच आणि तिसऱ्या आठवड्यांत एकही नाहीं, असें झाल्यास लेकरें आपल्यापासून वाट पाहणें न शिकतां कंटाळणें शिकतील.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतों. आमची धाकटी मुलगी चार वर्षांची असतांना आम्हीं दारामागें अशाच रेघा ओढिल्या. चौथ्या दिवशीं दुपारीं आम्ही घरीं आलों तों दार स्वच्छ! एकही रेघ नाहीं. मुलगी ओलें फडकें हातांत घेऊन उंबऱ्यावर बसली होती, आणि मोठ्या आनंदानें म्हणाली, "बाबा, झाल्या सगळ्या. आतां उद्यां नाताळ!" आम्हांस राग आला, आम्ही दोन शब्द कठोर बोललों. तिची आई मात्र रागावली नाहीं. तिनें मुलीच्या हातीं खडू दिला व एकवीस रेघा तिच्याकडूनच पुन्हां ओढविल्या. ओढतांना मुलगी रडत होती, कारण रेघ पुसणें सोपें असतें आणि दिवस काढणें अवघड असतें. शेवटची रेघ झाल्यावर तिनें विचारिलें, "रेघा पुसल्या तरी येशू लवकर येत नाहीं का?" आई म्हणाली, "नाहीं बाळ. तो आपल्या वेळेला येतो. पण नक्की येतो."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आमच्या मनांत आलें, आम्ही काय निराळें करितों? मंडळी वाढावी, भांडणें मिटावीं, आजारी बरा व्हावा, असें देवाजवळ मागतों, आणि उशीर झाला कीं ओलें फडकें घेऊन रेघा पुसूं लागतों. देवानें ज्यास वेळ ठेविला आहे तें आजच हातीं यावें म्हणून कोणी कर्ज काढितो, कोणी खोटें बोलतो, कोणी प्रार्थनाच सोडून देतो. नाताळाचेंच पाहा. नव्या कपड्यांसाठीं आणि फराळासाठीं व्याजानें पैसे काढून डिसेंबरांत सण करावयाचा आणि होळीपर्यंत तोंड लपवीत फिरावयाचें! ज्या लेकरानें कपड्यांसाठींच दिवस मोजले, त्याचा नाताळ कपडा विटला कीं विटतो. ज्यानें प्रभूसाठीं मोजले, त्याला जुन्या कुडत्यांतही उपासनेला यावयास लाज वाटत नाहीं.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. आमच्या मंडळींतील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात हें आपण जाणतां. गेल्या वर्षीं आम्ही डिसेंबरच्या ११ तारखेस त्यांस भेटावयास फडावर गेलों. अंधार पडत होता. कोप्यांपुढें चुली पेटल्या होत्या. एका बैलगाडीच्या फळीवर कोळशाच्या रेघा दिसल्या. मोजल्या तों चौदा. गाडीजवळ आठएक वर्षांचा मुलगा आईची वाट पाहत उभा होता, कारण त्या दिवसाची रेघ अद्याप पुसावयाची होती.

बाप खाटेवर बसून हात चोळीत होता. तो म्हणाला, "पाळकसाहेब, हा रेघा पुसतो आणि मीही पुसतों. मुकादमाची उचल घेतली आहे. टनामागून टन गाडींत भरतों, पण माझ्या रेघा कांहीं संपत नाहींत. याच्या चौदाच राहिल्या. हा माझ्याहून बरा." तो हंसून बोलला, पण तें हंसणें नव्हतें. आमच्या पिशवींत मिठाई होती व मनांत तयार केलेला उपदेश होता. त्यांतील एकही वाक्य त्या माणसापुढें बोलण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

इतक्यांत आई आली. हात धुऊन तिनें मुलाला जवळ घेतलें आणि अकराव्या अध्यायांतील गोष्ट सांगितली. ती शब्बाथशाळेंत शिकलेली. पुस्तक पेटींत होतें, पण गोष्ट तोंडपाठ होती. मध्यरात्रीं मित्राच्या दारीं तीन भाकरी मागावयास गेलेल्या माणसाची ती गोष्ट. दार लागलेलें, आंतला माणूस लेकरांसह निजलेला, उठावयास तयार नाहीं. बाप पाठ फिरवून बसला होता; त्यानें तेथूनच विचारिलें, "मग? दिल्या का त्यानें भाकरी?" मुलगा म्हणाला, "दिल्या. उठून दिल्या." बाप कांहीं वेळ स्तब्ध राहिला. मग उठला, तांब्यांतील पाण्यांत बोट बुडविलें, मुलाचा हात आपल्या हातांत धरिला, आणि त्या दोघांनीं मिळून ती रेघ पुसली.

बंधूंनो, उचलीचा प्रश्न गोष्ट सांगून सुटत नाहीं, आणि सुटतो असें जो सांगेल तो खोटा उपदेशक होय. मंडळीनें आपल्या गरीब कुटुंबांसाठीं काय करावें याचा विचार पंचांनीं केला पाहिजे. निदान नाताळासाठीं कोणासही कर्ज काढावें लागूं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे. परंतु त्या बापाच्या रेघा व त्या मुलाच्या रेघा यांत जें अंतर आहे तें आम्हांस त्या रात्रीं दिसलें. कर्जाच्या रेघा माणूस वाढवीत नेऊं शकतो. वचनाच्या रेघा देव वाढवीत नाहीं. पौल गलतीकरांस लिहितो (४:४) कीं, काळाची पूर्णता झाली तेव्हां देवानें आपल्या पुत्रास पाठविलें. देवाजवळही रेघा होत्या. अब्राहामापासून मलाखीपर्यंत, आणि मलाखीनंतरच्या शांत शतकांतही, त्यानें त्या एकेक करून पुसल्या, आणि शेवटची पुसली तेव्हां तो थांबला नाहीं. ज्याच्या लेकरानें हें कोळशाच्या रेघांवर शिकलें, त्याच्या हातीं असें कांहीं आलें कीं जें कोणी मुकादम हिशेबांत धरूं शकत नाहीं.

म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे. पुढील वर्षापासून टोळ्या निघण्यापूर्वीं प्रत्येक घरीं जा, आणि लूकाच्या चोवीस अध्यायांतील एकेक गोष्ट आईबापांकडून म्हणवून घ्या. ज्यांचीं मुलें गांवींच आजीआजोबांजवळ राहतात, त्यांच्या घरीं १ डिसेंबरापूर्वीं स्वतः जाऊन भिंतीवर रेघा ओढून द्या. फडावरून बापाचा फोन येईल तेव्हां त्यानें "जेवलास का?" याबरोबर "आज कोणती गोष्ट?" हेंही विचारावें, असें त्यास सांगून ठेवा. एकच अध्याय कोपींत व गांवच्या घरांत, एकाच संध्याकाळीं वाचला गेला, तर तें कुटुंब शंभर कोसांवर असूनही एका छपराखालीं असेल.

आणि आजीआजोबांनो, तुम्हांस वाटेल कीं, हें पोरांचें काम, आपल्यास काय? आजचा पाठ तुमच्यासाठींच निवडला आहे. येशूबाळाला मंदिरांत आणिलें तेव्हां त्याला ओळखलें कोणीं? म्हाताऱ्या शिमोनानें आणि हन्नेनें. शास्त्री होते, याजक होते, पण त्यांस तें दिसलें नाहीं. जे आयुष्यभर वाट पाहत राहिले, त्यांच्याच हातांत बाळ आलें. तुमच्या घरच्या नातवानें रेघ पुसतांना तुमचा सुरकुतलेला हात धरावा, आणि तुम्हीं त्यास सांगावें कीं, "मीही वाट पाहत आहें." याहून मोठा उपदेश आम्ही व्यासपीठावरून करूं शकणार नाहीं.

शेवटीं, १२ तारखेस जेव्हां तुम्ही बाराव्या अध्यायाशीं याल, तेव्हां तेथें थोडें थांबा. लग्नाहून परत येणाऱ्या धन्याची वाट पाहत दिवे लावून बसलेले चाकर तेथें आहेत. धनी येतो, आणि काय करितो? तो स्वतः कंबर बांधून चाकरांना जेवावयास बसवितो व त्यांस वाढतो. असा धनी कोणत्या वाड्यांत पाहिला आहे? ज्याची आपण व आपलीं लेकरें वाट पाहत आहों, तो असा आहे. तो एकदां आला, आणि पुन्हां येणार आहे. त्या दुसऱ्या येण्याच्या रेघा आपल्या भिंतीवर नाहींत. त्या बापाजवळ आहेत. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, दिवा विझूं देऊं नये, आणि लेकरूं विचारील तेव्हां उत्तर देण्यास जागें असावें.

हे आमच्या स्वर्गांतील बापा, आमच्या घरांतील लहानांस वाट पाहावयास शिकीव, आणि आम्हां मोठ्यांस त्यांच्याबरोबर शिकीव. जीं कुटुंबें आज फडावर, वीटभट्टीवर व परगांवीं आहेत, त्यांच्या कोप्यांतही तुझा दिवा लाव. ज्यांचें कर्ज फिटत नाहीं त्यांस तूं विसरूं नको, आणि आम्हांलाही विसरूं देऊं नको. तुझ्या पुत्राच्या येण्याच्या दिवशीं आमच्यांतील लहान मोठा एकही अंधारांत न सांपडो. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.